चांदूर रेल्वे : रूळ, कापूस आणि दाखला

परगावी कोणी गाव विचारले आणि आम्ही "चांदूर रेल्वे" असे सांगितले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे रेल्वेत नोकरीला आहात काय?" या प्रश्नाचे उत्तर आपल्या वस्तीतील बहुतेकांना पुष्कळ वर्षे "नाही" असेच द्यावे लागले. त्याचे कारण पुढे येईल.

अमरावती जिल्ह्यात चांदुरे दोन. एक शहराच्या उत्तरेकडचे, बाजारावरून ओळखले जाणारे चांदूर बाजार. दुसरे आपले, अमरावतीपासून सुमारे ३० किलोमीटरवर, मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे. पत्त्यावर नुसते 'चांदूर' लिहिले तर पत्र कोणत्या चांदूरला जाईल याचा नेम नाही, म्हणून गावाच्या नावाला रेल्वे कायमची चिकटली. शेजारच्या धामणगावचीही तीच गत.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि त्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. तोवर इथला कापूस तांड्यांच्या बैलांच्या पाठीवरून महिनोन्महिने प्रवास करीत असे. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली. रूळ अमरावती शहरात न शिरता बडनेऱ्यावरून सरळ पुढे गेला, आणि त्याच वाटेवर मालखेड, चांदूर, धामणगाव ही स्थानके उभी राहिली. रेल्वे माणसांसाठी आली असे आपल्याला शाळेत वाटत असे. ती मुख्यतः गाठींसाठी आली होती.

ज्या गाडीने कापूस बाहेर गेला, त्याच गाडीने गिरणीचे कापड आत आले. आपल्या पूर्वजांपैकी, म्हणजे पूर्वाश्रमीच्या महार समाजातील, अनेक घरे तेव्हा हातमागावर जाडेभरडे कापड विणीत असत. गिरणीच्या स्वस्त कापडापुढे तो धंदा टिकला नाही. माग मोडले आणि माणसे जिनाकडे, प्रेसकडे, हमालीकडे आणि रुळाखाली गिट्टी ठोकणाऱ्या गँगकडे वळली. क्विंटलभर कापसातून साधारण ३३-३४ किलो रुई निघते, उरते ती सरकी. ती निराळी करण्याचे काम यंत्राचे, पण यंत्रात कापूस टाकणे, रुई उचलणे आणि दिवसभर ती धूळ छातीत घेणे हे काम माणसांचे, त्यातही बायांचे. आमच्या लहानपणी हंगामात आई घरी येई ती केसांत, भुवयांत पांढरी होऊन. "म्हातारी आली," असे आम्ही हसत असू. तिचा खोकला पुढे उन्हाळ्यातही जाईना, तेव्हा हसणे बंद झाले.

गाव मात्र रेल्वेवर कधीच जगले नाही, ते शेतीवरच जगले. चांदूर हे तालुक्याचे ठिकाण, आणि जुना तालुका आजच्यापेक्षा बराच मोठा. धामणगाव व नांदगाव खंडेश्वर हे भाग त्यातूनच पुढे वेगळे झाले. शंकरपटासाठी प्रसिद्ध असलेले तळेगाव दशासर जुन्या चांदूर तालुक्यातलेच. डॉ. पंजाबराव देशमुखांचे जन्मगाव पापळ हेही त्यातलेच. कापूस, ज्वारी, तूर ही पिके. कापूस वेचायचा, बंडीत भरायचा, चांदुरात आणायचा. परत जाताना मीठ-मिरची आणि पोराला एखादी वही न्यायची. कचेरी, कोर्ट, दवाखाना, बाजार यांसाठी खेड्यांतला माणूस इथे येई. एवढ्या येण्याजाण्यावर आपले छोटे गाव उभे आहे. २०११ च्या जनगणनेतही त्याची वस्ती वीस हजारांच्या आसपासच होती.

जमीन नसलेल्याचे वर्ष पाडव्याला सुरू होई. गुढीपाडव्याला सालदाराचे बोलणे होत असे : वर्षाचे रुपये किती, ज्वारी किती, आगाऊ उचल किती. लग्नासाठी किंवा दुखण्यासाठी घेतलेली उचल वर्षभरात फिटली नाही, तर पुढच्या पाडव्यालाही तोच मालक. त्याच दिवशी तालुक्यातील सावंगा विठोबा येथे अवधूत महाराजांच्या यात्रेत कापूर जळत असतो, मोठी गर्दी असते. एकाच सणाला कोणी कापूर घेऊन निघे, तर कोणी अंगठा उठवायला. हे आम्ही कोणाला खिजवण्यासाठी लिहीत नाही. आज सालदारकी फार उरलेली नाही, आणि आपल्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागतो, म्हणून लिहितो.

१३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरमध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. प्रश्न होता अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा. परिषद चालू असतानाच त्यांचे बंधू बाळाराम यांच्या निधनाची बातमी तिथे येऊन पोचली. मंदिरप्रवेशाच्या त्या चळवळीत पंजाबराव देशमुखही होते, हे आपल्या जुन्या तालुक्याच्या दृष्टीने आवर्जून नोंदवण्यासारखे आहे.

मग १९५६. १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, विदर्भ मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. तीन महिन्यांच्या आत आपला धर्म बदलला, राज्य बदलले आणि मार्गदाता हरपला. वडीलधारी मंडळी त्या दिवसांविषयी बोलताना एकदम गप्प होतात, त्याचे नवल वाटू नये.

यानंतरची गोष्ट फारशी लिहिली गेलेली नाही, आणि रेल्वेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावात तर ती लिहिलीच पाहिजे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात सवलत हिंदूंपुरती होती; १९५६ साली त्यात शीख आले, बौद्ध आले नाहीत. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य शासनाने आपल्या अखत्यारीत बौद्धांना सवलती दिल्या. पण रेल्वे केंद्राची! म्हणजे मास्तर व्हायचे असेल तर 'बौद्ध' लिहिलेले चालत असे, आणि स्टेशनवर पोर्टर व्हायचे असेल तर चालत नसे. शाळेत पोराचे नाव घालताना बापापुढे प्रश्न उभा राही : दाखल-खारीज रजिस्टरात काय सांगावे? एकाच घरात थोरल्याच्या दाखल्यावर एक शब्द आणि धाकट्याच्या दाखल्यावर दुसरा, असे आम्ही पाहिले आहे. कोणी जुना शब्द ठेवला म्हणून त्याची निष्ठा कमी होती, असे म्हणण्याचा हक्क आम्हांस नाही. ज्यांनी 'बौद्ध' लिहिले आणि समोरून जाणाऱ्या गाड्या मोजत वय उलटू दिले, त्यांचे मोल मात्र आपण पुरेसे ओळखलेले नाही. १९९० साली आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. मधली चौतीस वर्षे नोकरीचे वय असलेल्यांना तिचा काय उपयोग?

नंतरचे सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. एकाधिकार कापूस खरेदी १९७२ साली सुरू झाली आणि पुढे बंद पडली. कापसाच्या शेतात सोयाबीन आले. त्याला कापसासारखी महिनोन्महिने वेचणी नसते, त्यामुळे बायांची मजुरी कमी झाली. २००६ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यात आपला जिल्हा होता. २०२० च्या टाळेबंदीत प्रवासी गाड्या थांबल्या, तेव्हा रूळ असूनही गाडी नाही हा अनुभव गावाला आला.

आता विद्यार्थ्यांसाठी एक कामाची गोष्ट. जातीच्या दाखल्यासाठी आपल्या राज्यात १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तो आणायचा कुठून? विदर्भात अशा वेळी कोतवाल बुकाची नक्कल उपयोगी पडते. खेड्यातील जन्म-मृत्यूच्या नोंदींचे हे बुक. गावचा कोतवाल पुष्कळदा आपल्याच समाजाचा असे. स्वतःला अक्षर वाचता येत नसताना कोणाच्या घरी जन्म, कोणाच्या घरी मयत, ही वर्दी तो पायी नेऊन पोचवी. त्याच नोंदीच्या नक्कलेवर आज त्याचा पणतू महाविद्यालयात प्रवेश घेतो. नक्कल तहसील कार्यालयातून मिळते. अर्जात आजोबा-पणजोबांचे नाव, गाव आणि अंदाजे साल द्यावे. नाव जुन्या उच्चाराने, आडनावाशिवाय लिहिलेले असते. म्हणून घरातील वृद्धांना आधी विचारून घ्यावे, आणि बारावीचा निकाल लागण्याची वाट न पाहता हे काम दिवाळीच्या सुटीतच उरकावे.