लग्नपत्रिका की एपीके? उघडण्याआधी फाइलचे नाव शेवटपर्यंत वाचा

'लग्नाला नक्की यायचं हं!' असा व्हॉट्सअॅप संदेश येतो, खाली पत्रिकेची फाइल असते. कधी नंबर अनोळखी, तर कधी आपल्याच चुलतभावाचा. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतील एका सरकारी कर्मचाऱ्याने अशीच 'पत्रिका' उघडली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले.

खरी पत्रिका फोटो, व्हिडिओ किंवा पीडीएफ असते. नावाच्या शेवटी 'एपीके' दिसले, तर ते अँड्रॉइड फोनवर बसणारे अॅप आहे. हीच युक्ती आरटीओचे चलन, पीएम किसान, बँकेची केवायसी अशा नावांनीही फिरते. नाव बदलते, शेपूट तेच.

हे अॅप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. ती दिली की ओटीपी परस्पर चोरापर्यंत पोहोचतो. 'मी ओटीपी कुणालाच सांगत नाही' हा आपला नेहमीचा बंदोबस्त इथे कुचकामी ठरतो. 'अॅक्सेसिबिलिटी'ची परवानगीही दिली, तर स्क्रीनवरचे वाचणे आणि बटणे दाबणेसुद्धा त्याला जमते. मग अनेकदा तुमच्याच व्हॉट्सअॅपवरून तीच पत्रिका नातेवाइकांना जाते. तेव्हा चुलतभावावर चिडू नका, त्याला साधा फोन करून विचारा.

फोनच्या सेटिंगमध्ये 'इन्स्टॉल अननोन अॅप्स' शोधा आणि तिथे व्हॉट्सअॅपची परवानगी बंद ठेवा. आई-वडिलांच्या फोनवर हे आजच करून द्या. त्यांना नुसते सांगून भागत नाही.

आणि फाइल उघडलीच असेल तर? आधी फोन फ्लाइट मोडवर टाका, वाय-फायही बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरवतात. ते काढून घेण्याआधी गोठवले गेले, तरच परत मिळण्याची आशा. लाजेखातर दोन दिवस गप्प बसणे इथे फार महागात पडते. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, त्यानंतरचे बँकेचे, असा नियम रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात होता. म्हणून तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा.

संदेशाचा स्क्रीनशॉट तक्रारीसाठी जपा. फोन पूर्ण रीसेट केल्याशिवाय त्यावर बँकेचे अॅप पुन्हा उघडू नका.