टाचेमागची शीर काय म्हणते?

पोलीस भरतीसाठी १६०० मीटरची तयारी करणारा एक तरी मित्र तुमच्या ग्रुपमध्ये असेलच. माझ्याही आहे. पहाटे साडेपाचला ग्राउंडवर हजर! पण चार महिने झाले, त्याच्या टाचेच्या वर, मागच्या बाजूला दुखतंय. सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं तर लंगडतच. शेवटी पैसे जमवून त्याने एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये ‘फाटलेलं नाही’ एवढंच. फिल्म उजेडासमोर धरली, तर दुखणाऱ्या जागी नुसता काळा पट्टा. ‘यात काहीच दिसत नाहीये गं,’ तो म्हणाला. मला वाटलं, मशीनच बिघडलं असणार. नंतर वाचायला बसले तेव्हा कळलं, निरोगी शीर एमआरआयमध्ये काळीच दिसते.

शीर म्हणजे इथे रक्तवाहिनी नव्हे. ही आपली टेंडन, पुस्तकातली कंडरा, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. पोटरीला टाचेशी जोडणारी अ‍ॅकिलीस टेंडन ही शरीरातली सगळ्यात दणकट. धावताना तिच्यावर आपल्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो.

मग ती काळी का? एमआरआय मुख्यतः पाण्यातल्या हायड्रोजनचा सिग्नल ऐकतो. रेडिओ लहरींचा धक्का दिला की हा सिग्नल येतो आणि विरून जातो. टेंडनमध्येही पाणी भरपूर असतं, पण ते कोलाजेनच्या घट्ट तंतूंमध्ये अडकलेलं. त्यामुळे तिथला सिग्नल एक-दोन मिलिसेकंदांतच संपतो. नेहमीचा स्कॅन ऐकायला लागतो त्यानंतर. म्हणजे लेक्चर संपल्यावर वर्गात पोचण्यासारखं! फळा पुसलेला.

यावर उपाय म्हणजे अल्ट्राशॉर्ट एको टाइम, थोडक्यात यूटीई. यात धक्क्यानंतर मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात सिग्नल टिपतात. मग थोड्या उशिराने पुन्हा, त्याहून उशिराने आणखी एकदा. सिग्नल किती वेगाने विरला, हे चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यासाठी काढतात. या आकड्याला म्हणतात टी-टू-स्टार. तंतू घट्ट आणि नीट रांगेत असतील तर आकडा लहान. ते विस्कटले, मध्ये मोकळं पाणी शिरलं, की आकडा वाढतो. २०१३ मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी निरोगी आणि बिघडलेल्या अ‍ॅकिलीस टेंडनमध्ये हा फरक मोजून दाखवला. ‘काळा पट्टा’ आता रंगीत नकाशा झाला.

हे आपल्या वयात महत्त्वाचं का? त्याच वर्षी डेन्मार्कच्या संशोधकांनी एक भन्नाट गोष्ट शोधली. १९५५ ते १९६३ दरम्यानच्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ खूप वाढला होता. त्या काळात वाढलेल्या माणसांच्या टेंडनमध्ये त्यांनी तो मोजला. निष्कर्ष काय, तर अ‍ॅकिलीसचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो, पुढे जवळजवळ बदलत नाही. म्हणजे बारावीच्या आसपास मिळालेली दोरी जन्मभर पुरवायची! अशा दोरीतला बारीक बिघाड लवकर कळला, तर हवाच आहे.

पण लगेच ‘माझा टी-टू-स्टार काढा’ म्हणून धावू नका. ही मोजणी अजून मुख्यतः संशोधनातच आहे. त्यात गोचीही आहेत. टेंडन चुंबकीय क्षेत्राशी ५५ अंशांच्या आसपास तिरकी पडली, तर निरोगी असूनही सिग्नल वाढतो. पाय हलला तरी आकडा चुकतो. शिवाय आकडा म्हणजे दुखणं नव्हे. काहींच्या टेंडनमध्ये बिघाड असूनही दुखत नाही आणि दुखायचं थांबलं तरी आतले बदल तसेच राहू शकतात.

माझ्या मित्राला फिजिओने टाचा उचलायचे व्यायाम दिलेत आणि धावणं हळूहळू वाढवायला सांगितलंय. सोबत एक वहीही. सकाळची पहिली चार पावलं किती दुखली, याला रोज दहापैकी मार्क द्यायचे. गेल्या आठवड्यात सात होते, काल चार. यूटीई आपल्या गावात येईल तेव्हा येईल. टाच दुखत असेल, तर तोवर तुम्हीही एक वही घाला आणि दुखणं दाबून पळण्याआधी फिजिओला दाखवा. भरती पुन्हा निघेल, ही दोरी पुन्हा मिळणार नाही.