वहिनींचे आठ आणे

मोडी लिपीतील जुन्या वह्या बहुतेक घरांतून केव्हाच रद्दीत गेल्या. बार्शीच्या एका जैन कुटुंबात मात्र त्या लाल खारव्यात बांधून माळ्यावर जपलेल्या होत्या. नातवंडांना मोडी येत नाही; शेवटी एका जाणकाराकडून त्या वाचून घ्याव्या लागल्या. आजोबांना जाऊन तोवर चाळीस वर्षे उलटली होती. आजोबा अतिशय कष्टाळू होते, हे घरात सर्वांनाच ठाऊक होते. त्या कष्टाच्या पैशाची वाटणी त्यांनी कशी केली, हे मात्र वह्या वाचल्यावर कळले.

दुकान भुसार मालाच्या अडतीचे. ज्वारी, तूर आणि करडईच्या गाड्या पहाटेच पेठेत येऊन उभ्या राहत. माल उतरवणे, मापणे, सौदा करणे आणि संध्याकाळच्या आत शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टीसह रोख रक्कम ठेवणे, हा नित्यक्रम. कुर्डुवाडीकडे जाणारा माल छोट्या रुळांच्या बार्शी लाईट रेल्वेने रवाना होई, आणि डबा भरेपर्यंत आजोबा स्थानकावरून हलत नसत. सुगीत काम रात्री नऊपर्यंत चाले. त्यांना चौविहाराचा नियम होता. म्हणून सूर्यास्तापूर्वी घरून डबा येई आणि पोत्यांच्या थप्पीवर बसूनच जेवण होई. पुढचे तीन-चार तास धुळीत उभे राहून काम चाले, तेही पाण्याचा घोटसुद्धा न घेता. पेठेतल्या हमालांनाही हे ठाऊक होते. सूर्य मावळायला आला की तेच त्यांना पाण्याची आठवण करून देत.

पेढी दोघा भावांची होती, आठ-आठ आण्यांच्या भागीदारीत. लेखी करार असा नव्हता. 1944 च्या पावसाळ्यात थोरला भाऊ विषमज्वराने गेला. मागे पत्नी, चार वर्षांचा मुलगा आणि दोन मुली. आजोबांचे वय तेव्हा बत्तीस. भागीदारी कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर भागीदाराच्या मृत्यूबरोबर पेढी विसर्जित होते. त्या दिवसापर्यंतचा हिशेब वारसांना चुकता केला की प्रश्न मिटतो. आजोबांनी तसे केले असते तर पेठेत कोणी त्यांना बोल लावला नसता. लहान मुलांची आई पेढीवर येऊन बसणार नव्हती, आणि हिशेब मागणारे माहेरचे माणूसही कोणी नव्हते.

त्याच वर्षीच्या दिवाळी पाडव्याला, वीर निर्वाण संवत 2471 च्या पहिल्या वहीत, थोरल्या भावाचे खाते बंद न होता पुढे ओढलेले दिसते. मथळ्यात फक्त एक शब्द बदलला आहे: भावाच्या नावाच्या जागी ‘वहिनी’. त्यानंतर सलग एकोणीस वर्षे निम्मा नफा त्या खात्यात जमा आहे. शिल्लक रक्कम पेढीत वापरली म्हणून तिच्यावर दरसाल व्याजही चढवले आहे.

वहीचा खरा अर्थ नावेच्या बाजूला आहे. चौदा माणसांचा घरखर्च, वहिनींच्या मुलांची फी, पुस्तके, दवाखाना, पुतणीच्या लग्नाचा खर्च, यांपैकी एकही रक्कम वहिनींच्या खात्यावर टाकलेली नाही. सारे आजोबांच्या स्वतःच्या आठ आण्यांतून. 1955 मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना कुंथलगिरीला सुरू असताना आजोबा सगळ्या घराला दर्शनाला घेऊन गेले. दुकान दोन दिवस बंद राहिल्याची एवढीच एक नोंद त्या वह्यांत सापडते. त्या प्रवासाचे भाडेही त्यांच्याच नावे आहे.

1957 च्या एप्रिलपासून नवे पैसे आले. सव्वासहा नव्या पैशांचा आणा शेतकऱ्याला समजेना. आजोबा प्रत्येक पट्टीत वरचा पाव पैसा शेतकऱ्याच्या पदरात टाकत. पुढे मण-शेर जाऊन क्विंटल आला. वहिनींच्या खात्यावर मात्र ‘आठ आणे’ हेच शब्द शेवटपर्यंत राहिले.

या सचोटीची किंमत कोणी मोजली, हेही पाहिले पाहिजे. आजोबांचा थोरला मुलगा 1959 साली उत्तम गुणांनी शाळेतून बाहेर पडला. त्याला पुढे सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकायचे होते. चौदा माणसांचा संसार एका वाट्यावर चालवताना त्यासाठी पैसे उरत नव्हते आणि वहिनींच्या शिलकेला हात लावायचा नव्हता. मुलाला गादीवर बसावे लागले. घरात पैसा असून आपल्याला शिकू दिले नाही, अशी त्याची भावना झाली. आजोबांनी त्याला कारण सांगितले नाही. त्या पिढीत वडील मुलाला कारणे सांगत नसत हे खरे; तरी या एका बाबतीत त्यांनी बोलायला हवे होते. एक तासाचे बोलणे मुलाचा कित्येक वर्षांचा सल वाचवू शकले असते. आजींना सर्व ठाऊक होते. मुलाच्या फीसाठी आपल्या पाटल्या मोडाव्या, असे त्यांनी सुचवलेही होते म्हणतात. पण त्या पाटल्या मुलींच्या लग्नासाठी राखून ठेवलेल्या होत्या.

1963 च्या पाडव्याला आजोबांनी तेवीस वर्षांच्या पुतण्याला गादीवर बसवून वही पुढे सरकवली. वहिनींच्या खात्यावर एकतीस हजारांहून अधिक रक्कम निघाली. पुतण्याने ती घेऊन स्वतंत्र डाळ मिल काढली, आणि वर्षभरात दोन चुली झाल्या. आजोबांना ते लागले. पण ते कोणाला काही बोलले नाहीत. धाकट्या पिढीत मात्र एक समज रुजला, की पुतण्या आपल्या वाट्यापेक्षा जास्त घेऊन बाहेर पडला. क्षमावाणीच्या दिवशी दोन्ही घरे एकमेकांकडे जात राहिली, हात जोडले जात राहिले. पण हा समज पन्नास वर्षे टिकून राहिला. तो दूर झाला वह्या वाचल्यावरच.

त्याच गाठोड्यात 1972 ची वहीही होती. दुष्काळाचे साल, पेठेत ज्वारी नाही, रेशनवर परदेशी मिलो. तूर आलीच नाही तेव्हा डाळ मिल बंद पडली. त्या वहीत पुतण्याच्या नावे दोन हजार रुपये दिल्याची नोंद आहे. पुढे ‘मुदत नाही, व्याज नाही’ असा शेरा. तोवर आजोबांची नजर अधू झाली होती आणि लिखाण दुसऱ्याकडे गेले होते. ही नोंद मोडीत नाही. ती स्वच्छ देवनागरीत आहे, आणि अक्षर थोरल्या मुलाचे आहे.