वैद्यकीय चाचण्यांतील लोकसहभाग

वैद्यकीय चाचणी अर्थात क्लिनिकल ट्रायल म्हणजे नवे औषध, लस किंवा उपचारपद्धती माणसांसाठी सुरक्षित व परिणामकारक आहे की नाही, हे ठरावीक नियमांनुसार तपासणारे संशोधन होय. अशा चाचण्या स्वेच्छेने सहभागी होणाऱ्या निरोगी व्यक्ती व रुग्ण यांच्यावरच अवलंबून असतात. सहभागाची तयारी मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : चाचणीविषयीची माहिती आणि ती घेणाऱ्यांवरील विश्वास.

स्वरूप

चाचणीच्या पहिल्या टप्प्यात मोजक्या व्यक्तींवर औषधाची सुरक्षितता पाहिली जाते. पुढील टप्प्यांत सहभागींची संख्या वाढवून परिणामकारकता तपासतात. अनेक चाचण्यांत सहभागींचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक गट पाडले जातात. एका गटाला नवे औषध, तर दुसऱ्याला प्रचलित उपचार किंवा औषधी गुण नसलेला पदार्थ, म्हणजे प्लासिबो, मिळतो. आपल्याला नवे औषध मिळणारच आणि गुण येणारच, अशी अनेक रुग्णांची समजूत असते. प्रत्यक्षात चाचणीचा पहिला हेतू उपचार हा नसून ज्ञान मिळवणे हा असतो.

इतिहास

१० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळा येथील तुरुंगातील तयार झालेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. बंदिवासातील व्यक्तीची संमती कितपत मुक्त मानावी, हा प्रश्न आजच्या नीतिशास्त्रात महत्त्वाचा ठरतो. १९४७ च्या न्यूरेम्बर्ग संहितेने स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य मानली. १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वे मांडली.

भारतातील अनुभव

२००९ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगास प्रतिबंध करणारी लस देण्याचा अभ्यासप्रकल्प सुरू झाला. काही मुलींच्या मृत्यूंच्या बातम्यांनंतर एप्रिल २०१० मध्ये तो थांबवण्यात आला. मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. मात्र अनेक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या असल्याचे उघड झाले. या प्रकरणामुळे चाचण्यांविषयीचा अविश्वास वाढला. याउलट २०२० मध्ये पुण्यासह अनेक शहरांत कोविड-१९ लसींच्या चाचण्यांसाठी हजारो नागरिक स्वेच्छेने पुढे आले.

सहभागींचे हक्क

भारतात ‘नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९’ लागू आहेत. त्यांनुसार चाचणीस नीतिसमितीची मान्यता आवश्यक असते आणि या समितीत एक सर्वसामान्य नागरिकही असावा लागतो. चाचणीचा हेतू, धोके व पर्यायी उपचार यांची माहिती सहभागीला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. वाचता न येणाऱ्या व्यक्तीची संमती निःपक्षपाती साक्षीदारासमोर घेतात. कारण न देता कोणत्याही क्षणी माघार घेता येते. चाचणीमुळे इजा किंवा मृत्यू झाल्यास भरपाईची तरतूद आहे.

२००७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदवहीत औषध-चाचण्यांची नोंद १५ जून २००९ पासून बंधनकारक आहे. ही नोंदवही कोणालाही विनामूल्य पाहता येते. त्यामुळे सही करण्यापूर्वी चाचणीची नोंद झाली आहे की नाही, हे रुग्णाला किंवा नातेवाइकांना स्वतः तपासता येते.