ठिपक्यांतून उमटलेलं जग

१२ जानेवारी २०१०. हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स भूकंपानं जमीनदोस्त झाली. जगभरातून मदत पथकं निघाली. पण पोहोचल्यावर जायचं कुठे, कुठल्या रस्त्यानं? इंटरनेटवर कोणालाही वापरता येईल असा या शहराचा तपशीलवार नकाशाच नव्हता.

मग तो काढला कोणी? हैतीत कधी पाऊलही न ठेवलेल्या शेकडो लोकांनी, घरबसल्या! उपग्रह कंपन्यांनी ताजी छायाचित्रं खुली केली. त्यांवरून या मंडळींनी रस्ते गिरवले, कोसळलेल्या इमारती टिपल्या, अगदी गोल्फच्या मैदानावर उभी राहिलेली तंबूंची छावणीसुद्धा नोंदवली. काही दिवसांत गल्लीबोळांसकट शहर उमटलं आणि शोधपथकं तोच नकाशा जीपीएस यंत्रात भरून फिरू लागली.

हे घडलं ‘ओपनस्ट्रीटमॅप’वर. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू केलेला हा जगाचा नकाशा कोणीही पाहावा, वापरावा, दुरुस्त करावा.

आणि त्याची रचना किती साधी! ही चक्क ठिपक्यांची रांगोळी आहे. प्रत्येक ठिपका म्हणजे एक अक्षांश, एक रेखांश. दशांश चिन्हापुढे सात अंकांपर्यंत त्यांची नोंद होते. म्हणजे अख्ख्या पृथ्वीवर साधारण एका सेंटीमीटरचा फरकही मांडता येतो! ठिपके जोडले की रस्ता किंवा नदी. शेवटचा ठिपका पहिल्याला मिळाला की घर, तळं, शेत. मग त्याला माहिती जोडायची: ही शाळा, हा दवाखाना, हा पाण्याचा नळ.

पण कोणी खोडसाळपणे पूलच पुसून टाकला तर? प्रत्येक बदल कोणी केला, कधी केला, आधी तिथे काय होतं, याची नोंद राहते. पूल पुन्हा जागेवर आणता येतो.

मात्र उपग्रहाला दिसतं ते छप्पर. त्याखाली दवाखाना आहे की गोदाम, हे त्याला कसं कळणार? ते कळतं तिथे राहणाऱ्याला. नैरोबीतली किबेरा ही गजबजलेली वस्ती नकाशांवर जवळजवळ कोरी होती. २००९ मध्ये तिथलेच तरुण जीपीएस घेऊन गल्ल्या पालथ्या घालू लागले. नळ, शौचालयं, शाळा, दवाखाने त्यांनी एकेक करून नोंदवले. ज्या वस्तीला नकाशानं वगळलं होतं, तिनं स्वतःचा नकाशा स्वतः काढला!

आता तुम्ही आपलं गाव ओपनस्ट्रीटमॅपवर उघडून पाहा. पाणवठा आहे? आरोग्य केंद्र आहे? नसेल तर खातं मोफत उघडता येतं आणि नाव मराठीतही लिहिता येतं. तुमच्या गल्लीची तुमच्याइतकी खात्रीची माहिती दुसऱ्या कोणाकडेही नाही. ती नोंदवाच.