शंभर वर्षांपूर्वीच्या मेणाच्या सिलिंडरवर इतका बँजो का ऐकू येतो?

गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत दिसतो तो बँजो म्हणजे बटणं दाबून वाजवायचं, बुलबुल तरंगाच्या कुळातलं वाद्य. अमेरिकेतला बँजो वेगळा. गोल चौकटीवर ताणलेलं चामडं, लांब मान आणि पाच तारा. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीच्या काळात हे वाद्य खूप गाजलं.

बँजोच का?

थॉमस एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफ बनवला. पुढे त्यासाठी मेणाचे सिलिंडर आले. तेव्हा ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन वापरत नसत. वादक कर्ण्यासमोर बसायचा आणि केवळ आवाजाच्या जोरावर सुई मेणात खाच कोरायची. व्हायोलिनचा मऊ सूर त्यात हरवायचा. बँजोचा खणखणीत, तुटक आवाज मात्र स्पष्ट उमटायचा.

वादक काय करायचे?

वेस ऑसमन आणि फ्रेड व्हॅन एप्स हे त्या काळातले नावाजलेले वादक. सिलिंडरवर साधारण दोनच मिनिटं मावायची, त्यामुळे मार्च आणि रॅगटाइमच्या धून आटोपशीर कराव्या लागत. १९०२ च्या सुमारास साच्यातून प्रती काढणं सुरू झालं. त्याआधी जास्त प्रती हव्या असतील, तर वादकाला तीच धून पुन्हा पुन्हा वाजवावी लागे.

शैली कोणती?

यातले बहुतेक वादक आतड्याच्या तारा नुसत्या बोटांनी, गिटारसारख्या छेडत. आज ब्लूग्रास संगीतात ऐकू येणारा धातूच्या तारांचा, बोटांत नख्या घालून वाजवलेला बँजो खूप नंतरचा.

काय राहून गेलं?

बँजोचं मूळ आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वाद्यांत आहे. नखाने तारेवर वरून खाली आघात करायचा आणि अंगठ्याने आखूड पाचवी तार छेडायची, ही त्यांच्याकडून आलेली जुनी पद्धत. कंपन्यांनी मात्र शहरी ग्राहकांना आवडणारे, मुख्यतः गोरे वादक निवडले. ग्रामीण वादक मोठ्या संख्येने ध्वनिमुद्रित झाले ते १९२० च्या दशकात, तबकड्यांवर. त्यामुळे सिलिंडरवरचा बँजो म्हणजे त्या काळातला सगळा बँजो नव्हे.

आज ऐकायचं कुठे?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या ग्रंथालयाने हजारो सिलिंडर डिजिटल करून मोफत ऑनलाइन ठेवले आहेत. ऐकताना एक लक्षात ठेवा: सुरुवातीच्या सिलिंडरचा वेग ठरलेला नव्हता. आज ते जास्त वेगाने फिरवले, तर वादन मुळापेक्षा जलद आणि वरच्या पट्टीत ऐकू येतं.