विश्लेषण : ‘टाइम इज अप’ म्हणजे नेमकी कोणाची वेळ संपली?

परीक्षेची शेवटची घंटा होते, पर्यवेक्षक ‘टाइम्स अप’ म्हणतात आणि पेन खाली ठेवावे लागते. यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मात्र ऑनलाइन बैठकीत बोलत असलेल्या वरिष्ठांना ‘सर, युअर टाइम इज अप’ असे म्हटले, तर क्षणभर शांतता पसरू शकते. शब्द जवळपास तेच, मग असे का होते?

‘अप’चा अर्थ काय?

इथे ‘अप’चा ‘वर’ या अर्थाशी संबंध नाही. इंग्रजीत क्रियापदाला ‘अप’ जोडले की अनेकदा काम पूर्ण झाल्याचा अर्थ येतो. ‘ईट अप’ म्हणजे सगळे खाऊन टाकणे, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणे. ‘टाइम इज अप’मध्येही हीच छटा आहे : ठरवून दिलेली वेळ पूर्ण वापरून झाली. म्हणूनच आधी काही मुदत ठरलेली असेल, तरच हा वाक्प्रचार शोभतो.

‘टाइम इज ओव्हर’ चुकीचे का?

आपल्याकडे हे सर्रास ऐकू येते. पण ‘ओव्हर’ होतो तो कार्यक्रम, सामना किंवा परीक्षा. वेळ होते ‘अप’. म्हणजे ‘द एक्झाम इज ओव्हर’, पण ‘द टाइम इज अप’.

दुसरी चूक ‘टाइम्स इज अप’ ही. ‘टाइम्स’मधला ‘स’ हे अनेकवचन नाही, तो ‘इज’चाच संक्षेप आहे. त्यामुळे पुढे पुन्हा ‘इज’ लावायचे नाही आणि लिहिताना अपॉस्ट्रॉफी विसरायचा नाही.

‘टाइम आउट’ वेगळे कसे?

कबड्डीत किंवा बास्केटबॉलमध्ये ‘टाइम आउट’ म्हणजे खेळातली विश्रांती. आयपीएलमधला ‘स्ट्रॅटेजिक टाइम आउट’ अडीच मिनिटांचा असतो. तो संपला की खेळ पुन्हा सुरू होतो.

क्रिकेटमधले ‘टाइम्ड आउट’ मात्र थेट तंबूत पाठवते. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी दिल्लीत विश्वचषकाच्या सामन्यात श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज २ मिनिटांत चेंडू खेळायला तयार झाला नाही. हेल्मेटचा पट्टा तुटला होता. बांगलादेशचा कर्णधार शाकिब अल हसनने अपील केले आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये अशा प्रकारे बाद होणारा मॅथ्यूज पहिला फलंदाज ठरला.

बँकेच्या ॲपवर दिसणाऱ्या ‘सेशन टाइम्ड आउट’चा अर्थही याच्याच जवळचा. ठरावीक वेळात काही हालचाल झाली नाही, म्हणून सिस्टिमने तुम्हाला बाहेर काढले.

‘युअर’ने काय बिघडते?

नुसते ‘टाइम्स अप’ घड्याळाबद्दल बोलते. ‘युअर टाइम इज अप’ माणसाबद्दल बोलते. तुमची सद्दी संपली, खुर्ची गेली, प्रसंगी आयुष्यच संपत आले, असेही त्यातून निघू शकते. हाच इशारा २०१८मध्ये हॉलिवूडमधील महिलांनी वापरला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध १ जानेवारी रोजी सुरू झालेल्या त्यांच्या मोहिमेचे नावच ‘टाइम्स अप’ होते. अत्याचार करून मोकळे सुटणाऱ्यांचे दिवस भरले, हा त्यातला अर्थ.

मराठीत असे काही आहे का?

आहे. पूर्वी वेळ मोजायला घटिकापात्र वापरत. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर ठेवायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली. त्यावरून ‘घटका भरली’ आले. आज आपण ते अंतकाळासाठीच वापरतो. सभेत वक्त्याची वेळ संपली की ‘तुमची घटका भरली’ असे कोणी म्हणत नाही, गुपचूप चिठ्ठी पुढे सरकवतो.

मग म्हणायचे काय?

परीक्षा, प्रश्नमंजूषा, खेळ अशा ठिकाणी ‘टाइम्स अप’ चालते. बैठकीत, मुलाखतीत किंवा पाहुण्यांसमोर ‘वी आर आउट ऑफ टाइम’ म्हणावे. त्यात ‘वी’ म्हणजे आपण सगळे येतो, त्यामुळे वेळ संपल्याचे ओझे समोरच्या एकट्यावर पडत नाही. थोडक्यात, इंग्रजीतली ती चिठ्ठीच.